सकाळवाली, दुपारवाला आणि वरचा बाण

बस डेपोतल्या कॉम्प्युटरच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि तीही हवेसाठी नव्हती, ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी होती. उजाडायच्या आत त्या खिडकीसमोर रांग लागायची. आत बसलेली ऑपरेटर बाई प्रिंटरमधून आलेला लांबलचक कागद टर्रकन फाडायची आणि ज्याची त्याची ड्यूटी ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. कुठली गाडी, कुठला मार्ग, कधी सुटायचं, कधी परतायचं, सगळं त्या कागदावर. मागे आवारात इंजिनं तापत असायची, डिझेलचा वास खोलीत शिरून ठाण मांडून बसायचा, आणि प्रिंटर असा करकरायचा की समोरच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागे.

ऑपरेटर बाई म्हणजे तेव्हा एक पंचविशीची मुलगी. अंगानं काटकुळी आणि उंचीनं ताडमाड. आधी एका गोदामाच्या ऑफिसात ती टाइपरायटर बडवायची. टाइपरायटरवर काल लिहिलेलं आज पुन्हा हवं असेल तर पहिल्या अक्षरापासून पुन्हा बडवायचं, याची तिच्या बोटांना इतकी सवय झाली होती की कॉम्प्युटरसमोर बसल्यावरही तिनं तेच केलं. ड्यूटीचे कागद छापायची कमांड लांबलचक होती. आधी प्रोग्रामचं नाव, मग विभाग, तारीख, पाळी, शेवटी प्रिंटरचा नंबर. मशीन बसवून गेलेल्या इंजिनिअरनं ती एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगली होती. मान वर करून पुठ्ठा वाचायचा, मान खाली करून एकेक अक्षर दाबायचं. एक अक्षर चुकलं की मशीन फणकारायचं आणि सगळं पहिल्यापासून. तिकडे रांगेतून आवाज यायचे, "ओ बाई, गाडी आज सोडायची का उद्या?"

ती सकाळच्या पाळीला. दुपारच्या पाळीला दुसरा एक माणूस यायचा आणि कुणाची रजा, कुठली गाडी दुरुस्तीला, हे सगळं भरून दुसऱ्या दिवसाची जुळवाजुळव करायचा. तिची पाळी संपली की खोलीला कुलूप लागायचं, किल्ली फाटकावरच्या चौकीत जायची आणि तो जेवून-बिवून आला की तिथूनच घ्यायचा. त्यामुळे दोघांची गाठ कधी पडली नव्हती. तो आहे, एवढं तिला एकाच गोष्टीवरून कळायचं. खुर्ची. रोज सकाळी ती बसायला जायची तर खुर्ची इतकी खाली केलेली असायची की गुडघे हनुवटीला लागायचे. ती पुटपुटत स्क्रू फिरवून खुर्ची वर करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली.

एका सकाळी घाईत तिचं बोट चुकून वरच्या बाणाच्या बटणावर पडलं आणि पडद्यावर एक अख्खी कमांड उमटली. तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं! ती दचकून मागे सरकली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मग भीत भीत तिनं बाण पुन्हा दाबला, तर अजून एक जुनी ओळ आली. पुन्हा दाबला, अजून एक. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दोघं एकाच नावानं मशीनमध्ये शिरत होते, तेव्हा हे सगळं त्या दुपारवाल्याचं काल संध्याकाळचं काम होतं. मशीननं ते टाकून न देता जपून ठेवलं होतं. बाण दाबला की शेवटचं आधी, आणि दाबत राहिलं की एकेक पायरी मागे.

त्या दिवशी तिनं त्याच्याच कमांडमधली फक्त तारीख बदलली आणि एंटर मारला. प्रिंटर करकरायला लागला. रांग एवढ्या लवकर कधीच संपली नव्हती. सगळ्यांत जुने ड्रायव्हर, ज्यांना अख्खा डेपो मिशीवाले मामा म्हणायचा, ते खिडकीतून डोकावून म्हणाले, "काय बाई, आज मशीनला तेलपाणी केलं का?"

रांग गेल्यावर ती बाण दाबत दाबत दुपारवाल्याची अख्खी संध्याकाळ वाचत बसली. त्याच्या चुकासुद्धा मशीननं ठेवल्या होत्या. प्रिंट लिहिताना त्याचा आय दर वेळी आरच्या पुढे पळायचा. मग तीच ओळ नीट. मग पुन्हा चुकलेली. एका ठिकाणी तर सहा वेळा एकच चूक, प्रत्येक वेळी अक्षरं जास्तच विस्कटलेली. माणूस चिडलाय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तिला एकटीलाच खुदकन हसू आलं.

इंजिनिअरनं शिकवताना एक गोष्ट सांगितली होती. ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखी एक खूण टाकली की मशीन ती ओळ पाळत नाही. पण लक्षात मात्र ठेवतं, हे तिला आता कळलं. पाळी संपताना तिनं जाळी टाकली आणि पुढे लिहिलं, "प्रिंटमध्ये आधी आर, मग आय." मशीनला आपली अक्षरं येत नव्हती, म्हणून आपली भाषा रोमन अक्षरांत कोंबून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाण दाबला, तर वर उत्तर हजर होतं. "आभारी आहे. खिडकीत कप ठेवता तो वाऱ्यानं पडतो. काल माझ्या पायावर पडला."

हे असं सुरू झालं. आधी कामाचं. कुठल्या गाडीचा नंबर बदललाय, प्रिंटरची रिबन कुठे ठेवलीय. मग हळूहळू काम बाजूला पडलं. तो लिहायचा, "आज हेडक्लार्क कॅलेंडरच्या खिळ्याला टोपी लावून विसरले आणि दिवसभर टोपी शोधत फिरले." ती लिहायची, "मामांनी विचारलं, हे मशीन माझ्या बायकोला वेळेवर उठवेल का." तो दुपारी बसून नव्या नव्या युक्त्या शोधून काढायचा. कंट्रोलबरोबर आर दाबून जुन्या ओळीतली दोन-चार अक्षरं लिहिली की मशीन स्वतःच मागे जाऊन ती ओळ हुडकून आणतं, हे त्यानंच तिला कळवलं. बाण दाबून दाबून बोट दुखवायची गरज नाही. हे कळल्यावर ती रोज भरभर काम उरकायची आणि उरलेला वेळ जुन्या गप्पा हुडकण्यात घालवायची. 'टोपी' लिहिलं की टोपीची ओळ यायची. 'मामा' लिहिलं की मामांची.

एकदा त्यानं लिहिलं, "छापून झालं की दोन उद्गारचिन्हं लिहून एंटर मारा. गंमत बघा." तिनं मारला. मशीननं आधीची कमांड काही न विचारता पुन्हा पाळली आणि अख्ख्या डेपोच्या ड्यूट्या पुन्हा पहिल्यापासून छापायला घेतल्या. कागदाचा ढीग पायाशी साचत गेला. दुपारी जाताना तिनं रागानं लिहिलं, "तुमच्या गमतीपायी गठ्ठाभर कागद फुकट गेला." उत्तर आलं, "चुकलो. कागद मागच्या कोऱ्या बाजूनं वापरू. पण एंटर मारायच्या आधी वाचत जा."

हे वाक्य तिनं मनावर घेतलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

रविवारी तिची सुट्टी असायची. त्या दिवशी सकाळचं कामही दुपारवाल्याकडेच. रविवारी गाड्या कमी, शाळा-ऑफिसांच्या फेऱ्या बंद. सोमवारी ती आली, बसली, खुर्ची वर करायला गेली तर स्क्रूच्या जागी दोरी गुंडाळलेली. तिनं बाण दाबला. वर ओळ होती, "खुर्चीचा स्क्रू शेवटी हातात आला. रोज वर, रोज खाली, त्यानं तरी किती सोसायचं? तुमची उंची थोडी कमी करून मिळेल का?"

ती खो खो हसली. हसत हसतच बाण आणखी एकदा दाबला. छापायची कमांड वर आली. रांगेतून हाका चालूच होत्या. तिनं एंटर मारला.

तारीख बदलायची राहिली होती.

सोमवारच्या सकाळी अख्खा डेपो रविवारच्या वेळांनी बाहेर पडला. ड्रायव्हरांपैकी दोघा-तिघांना शंका आली, पण हातातल्या कागदाशी हुज्जत कोण घालणार? मामा बागेच्या फेरीवर गेले आणि बागेचं फाटक बंद बघून आरामात परत आले. शाळेच्या थांब्यावर पोरांची ही गर्दी. ऑफिसवाले हातातल्या पिशव्या नाचवत डेपोत येऊन भांडायला लागले. दहाच्या सुमाराला डेपो मॅनेजर आले. त्यांचा आवाज असा होता की त्यांच्या गाडीला हॉर्नची गरज नव्हती. "कोणी केलं हे?"

"मीच, साहेब," ती म्हणाली, पण प्रिंटरच्या करकरीत ते कोणाला ऐकूच गेलं नाही. मॅनेजरनी दुपारवाल्याला घरी बोलावणं धाडलं आणि इंजिनिअरलाही. इंजिनिअर येऊन फुशारकीनं म्हणाला, "साहेब, चिंताच नको. कोणी काय लिहिलं ते मशीन सगळं लक्षात ठेवतं."

"सगळं?" मॅनेजर म्हणाले. "मग छापा सगळं!"

चुकीची तिला तेवढी भीती नव्हती, ती तर पदरात घेतलीच होती. पण त्या ओळी! प्रिंटर करकरत होता आणि कागद खाली उतरत होता. हेडक्लार्कांनी तो उचलला, चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. पहिल्या काही ओळी कामाच्या होत्या. मग ते अडखळले.

"'काल पाऊण वेळ तुमची ओळ वाचण्यात गेली, काम...' हे काय आहे?"

"वाचा," मॅनेजर म्हणाले.

"'आज हेडक्लार्क कॅलेंडरच्या खिळ्याला टोपी...'" हेडक्लार्क थांबले. त्यांचे कान लाल झाले. खिडकीबाहेर एव्हाना निम्मा डेपो जमला होता आणि मामा तर कोपर टेकून उभे होते. "वाचा की हो पुढं," ते बाहेरून म्हणाले. "टोपीचं काय झालं?" हशा पिकला. तिला वाटलं, प्रिंटरच्या खोक्यात शिरून झाकण लावून घ्यावं.

नेमका तेव्हाच दुपारवाला आला. आपल्या मनात तिनं त्याला कसा कसा रंगवला होता, पण दारात उभा होता तो गोल चेहऱ्याचा, दाट केसांचा आणि तिच्या खांद्याला जेमतेम लागेल एवढा माणूस. जेवण अर्धवट टाकून आल्यासारखा धापा टाकत होता. त्यानं एकदा कागदाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे वर मान करून बघितलं आणि काय ते समजून चुकला.

"साहेब, चूक माझी," तो म्हणाला. "रविवारची कमांड मी तशीच ठेवून गेलो. आणि वर ती खुर्चीची ओळ मीच लिहिली."

"एंटर मी मारला," ती म्हणाली. या वेळी प्रिंटर बंद होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"ओळ नसती तर तुम्ही नीट वाचलं असतं."

"वाचायला तुम्ही आधीच सांगितलं होतं."

"पण हसवलं मी."

"हसले मी!"

मॅनेजरनी टेबलावर थाप मारली. "पुरे! इथे चूक कोणाची याची ओढाओढ मी पहिल्यांदाच बघतोय. एरवी लोक दुसऱ्याच्या गळ्यात टाकतात." थोडा वेळ ते कागद चाळत राहिले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला, पण ते हसले असं नंतर कोणी शपथेवर सांगू शकलं नाही. मग त्यांनी निकाल दिला. मशीनमध्ये गप्पा बंद. दोघांना वेगवेगळी नावं, म्हणजे कोणाचं कोण ते कळेल. आणि उद्यापासून सकाळच्या पाळीनं अर्धा तास जास्त थांबायचं, दुपारच्या पाळीनं अर्धा तास आधी यायचं, आणि काय सांगायचंय ते समोरासमोर सांगायचं. "शिक्षा आहे ही," ते बजावून म्हणाले.

बाहेरून मामा म्हणाले, "साहेब, अशी शिक्षा आम्हाला आमच्या वयात कोणी दिली नाही!"

दुसऱ्या दिवशी ती नव्या नावानं मशीनमध्ये शिरली. सवयीनं बाण दाबला, तर काहीच नाही. कोरी ओळ आणि लुकलुकणारी ती एक रेघ. काम केल्यावर पुन्हा दाबला, तर तिचीच कमांड. आणखी वर, पुन्हा तिचीच. त्यात चूक एक नव्हती आणि गंमतही एक नव्हती. भरल्या घरातली माणसं गावाला गेल्यावर स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकू यावा, तसं तिला झालं.

आणि दुपारचा तो अर्धा तास? तिथे वेगळीच पंचाईत झाली. इतके दिवस ओळीमागून ओळ लिहिणाऱ्या त्या दोघांची समोरासमोर दातखिळी बसली.

"रिबन बदललीय."

"बरं."

"कागद संपत आलाय."

"आणतो."

मग दोघं भिंतीकडे बघायची. खिडकीतून येणारे-जाणारे ड्रायव्हर माना हलवायचे. असे काही आठवडे गेले. एका दुपारी ती किल्ली त्याच्या हातात देत होती तेव्हा तो एकदम म्हणाला, "माझ्या आईला तुमच्या घरी आणायचं म्हणतोय."

"कशाला?"

"तुमच्या आईला भेटायला."

"त्यांची ओळख आहे?"

"नाही. करून द्यायची."

"कशासाठी?"

तो घामाघूम झाला. "हे मी जाळी टाकून लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं," तो म्हणाला.

"मग लिहायचं होतं."

"तुमच्या नावात मला शिरता येत नाही आता."

ती पुन्हा तशीच हसली, सोमवारच्या त्या सकाळसारखी, आणि म्हणाली, "रविवारी या. मला सुट्टी असते, तुम्ही रजा टाका."

तिच्या दादानं मुलगा बघितला आणि आत येऊन कुजबुजला, "फोटोत याला स्टुलावर उभं करावं लागेल." तिच्या आईनं त्याला गप्प केलं. "उंची काय ताटात वाढून घ्यायचीय? तिला हसवतो ना? मग झालं तर." फोटोत तो स्टुलावर उभा राहिला नाही. ती खुर्चीत बसली.

लग्नानंतरही कित्येक वर्षं त्यांच्या पाळ्या त्याच राहिल्या. पुढे मुलगी झाली आणि तो अर्धा तास संसाराचा झाला. डेपोच्या त्या खोलीत किल्लीबरोबर मुलीच्या तापाची खबर, दुधाची पिशवी आणि शाळेचे निरोप एका हातातून दुसऱ्या हातात जायचे. ती त्याला घरात "अहो" म्हणायची, पण बाहेर कोणाशी बोलताना तोंडातून "आमचा दुपारवाला" असंच निघायचं. मुलीला लहानपणी बराच काळ वाटत होतं की ते बाबांचं आडनावच आहे.

तो छापलेला कागद मामांनी मागून घेतला होता. त्याच्या घड्या घालून त्यांनी आपल्या गाडीच्या खडखडणाऱ्या काचांच्या फटीत कोंबल्या. ती गाडी पुढे कित्येक वर्षं या दोघांच्या गप्पा काचांत घेऊन शहरभर फिरली आणि एक दिवस भंगारात गेली. मशीनचं म्हणाल, तर ते ठरावीक ओळींपुरतंच लक्षात ठेवायचं. नवी ओळ आली की सगळ्यांत जुनी गळून पडायची. त्या जुन्या, दोघांच्या नावात कोणी शिरत नव्हतं हे खरं, पण नंतर कधीतरी इंजिनिअरनं ते नावच पुसून टाकलं. जागा अडते म्हणाला.

हे तिला कळलं ते मशीन मोडीत निघालं त्या आठवड्यात. तोपर्यंत तो निवृत्त झाला होता आणि तिचेही थोडे महिने राहिले होते. ड्यूट्या आता ज्याच्या त्याच्या फोनवर जाणार होत्या. खिडकीची गरज उरली नव्हती. तरीही तिनं शेवटचं म्हणून आपल्याच नावात कंट्रोल आणि आर दाबलं आणि लिहिलं, 'टोपी'. मशीन मागे गेलं, शोधून आलं आणि काही सापडलं नाही म्हणालं. तिनं मशीन बंद केलं. मग घरी येऊन त्याला सांगितलं.

"त्यात काय," तो म्हणाला. "मला पाठ आहे सगळं. पहिली ओळ मी लिहिली होती. कपाची."

"तुम्ही? पहिली माझी. आर आणि आय!"

"ते नंतर."

"आधी!"

मुलगी चहा घेऊन मध्ये आली आणि म्हणाली, "पुरावा काय?" पुरावा कोणाकडेच नव्हता. तेव्हापासून हे भांडण त्या घरात सुखानं नांदतंय. कधी तो स्वतःच्या ओळी तिच्या नावावर खपवतो, कधी ती न लिहिलेल्या ओळीही लिहिल्याचं सांगते, आणि खरं काय होतं ते आता त्या दोघांनाही नक्की माहीत नाही. तिला त्याचं वाईट वाटतं का? कधीतरी वाटतं. ओळी तशाच्या तशा असत्या तर एकदा वाचल्या असत्या, एवढंच.

आता ती दोघं वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. खाली थांबा आहे. पहाटेची पहिली गाडी येते तेव्हा ती जागीच असते. इतक्या वर्षांची सवय. तो पांघरुणातून डोकं न काढता म्हणतो, "क्लच घासतोय या गाडीचा."

"तुम्हाला काय कळतं क्लचमधलं? जन्मभर कागद छापलेत."

"ऐक ना जरा."

ती कान देते. गाडी वळणावर दुसरा गिअर टाकते, थोडी कण्हते आणि चढावर निघून जाते.

"घासतोय खरा," ती म्हणते, आणि चहाचं आधण ठेवायला उठते.